चिमणरावाचा मुक्काम



विनोदी पुस्तक किती टिकले याचा हिशेब दोन प्रकारांनी मांडता येतो. पहिला हिशेब ग्रंथपालाचा. ज्या पुस्तकाची शिवण लवकर उसवते, ज्याचे शेवटचे पान कधीच जाग्यावर सापडत नाही आणि ज्याला दर काही वर्षांनी नवा पुठ्ठा चढवावा लागतो, ते पुस्तक वाचले जात आहे असे समजावे. वेदान्ताचे ग्रंथ शंभर वर्षांनंतरही कोरे करकरीत राहतात. त्यावरून त्या ग्रंथांची योग्यता कमी ठरत नाही, पण वाचकांची ओळख मात्र पटते. दुसरा हिशेब अधिक कठीण आहे. पुस्तक हातात न घेतलेला मनुष्य त्या पुस्तकातील पात्राचे नाव बोलण्याच्या ओघात घेऊन जातो आणि ऐकणारालाही त्याचा अर्थ कळतो. अशा वेळी लेखक पुस्तकाबाहेर राहावयास गेला असे म्हणावे लागते.

इंग्रजीत विसाव्या शतकातील काही उपरोधकारांना हे भाग्य लाभले. जॉर्ज ऑर्वेल याच्या आडनावाचे तर विशेषणच झाले. बिहारातील मोतिहारी येथे १९०३ साली जन्मलेल्या या लेखकाचे नाव, त्याची एकही कादंबरी न वाचलेले राजकीय वक्ते सर्रास वापरतात, आणि पुष्कळदा परस्परविरोधी पक्षांचे वक्ते एकाच दिवशी वापरतात. पी. जी. वुडहाउसचा जीव्ह्ज हा चाकर इतका सर्वपरिचित झाला की, १९९० च्या दशकात संगणकावर माहिती शोधून देणाऱ्या एका अमेरिकन संस्थळाने त्याचेच नाव धारण केले. एव्हलिन वॉ याने १९३८ साली ‘स्कूप’ या कादंबरीत वृत्तपत्रसृष्टीची टर उडवताना ‘डेली बीस्ट’ नावाचे एक वर्तमानपत्र कल्पिले होते. २००८ साली अमेरिकेत निघालेल्या एका खऱ्याखुऱ्या वृत्तसंस्थळाने ते नाव मोठ्या अभिमानाने स्वतःस लावून घेतले. ज्याची थट्टा करावी त्यानेच ती थट्टा पाटीवर रंगवून दाराशी लावावी, ही उपरोधकाराची जीत की हार, हे ठरविणे सोपे नाही. (याच वॉच्या १९३४ च्या ‘अ हँडफुल ऑफ डस्ट’ या कादंबरीत नायकाला दूर जंगलात अडकवून ठेवून आयुष्यभर डिकन्सच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखविण्याची शिक्षा होते. ग्रंथालयाच्या समारंभात ही गोष्ट सांगणे तसे धाडसाचेच.)

मराठीत असा लेखक कोण, हा प्रश्न केला की अनेक नावे पुढे येतात. परंतु पात्राचे नाव सामान्यनाम होऊन बसणे ही कसोटी लावली तर प्रथम उभे करावे लागते ते चिंतामण विनायक जोशी यांना. अंगाने आडदांड, डोक्याने सरळ आणि परोपकारास सदैव तयार असा मनुष्य दिसला की त्याला आजही ‘गुंड्याभाऊ’ म्हटले जाते. आणि किरकोळ प्रकृतीचा, साहेबाला, आईला व बायकोला सारखाच भिणारा, तरीही स्वतःविषयी बऱ्यापैकी चांगले मत बाळगणारा मध्यमवर्गीय गृहस्थ म्हणजे चिमणराव, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

चि. वि. जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला व २१ नोव्हेंबर १९६३ रोजी ते निवर्तले. पण या दोन तारखांच्या मधला त्यांचा मोठा कर्तृत्वकाळ पुण्यात गेला नाही. तो गेला बडोद्यास. धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी पालीचे अध्ययन केलेले चि. वि. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवीत आणि पुढे त्या संस्थानच्या दप्तरखान्याचे ते अधिकारी झाले. १९१६ साली त्यांनी पाली भाषेची इंग्रजी पाठ्यपुस्तिका सिद्ध केली. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी त्यांनी ‘सद्धम्मप्पकासिनी’ या प्राचीन टीकाग्रंथाचे तीन भाग संपादिले. त्यांतील पहिला १९३३ साली आणि तिसरा १९४७ साली बाहेर पडला. गौतम बुद्धाचे चरित्र आणि जातकातील गोष्टी त्यांनी मराठी वाचकाला दिल्या.

१९३३ हे साल येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ हे पुस्तक त्याच वर्षीचे. त्याच्या आदल्या वर्षी ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आले होते. एकाच लेखणीतून एकाच सुमारास एकीकडे सद्धर्मावर प्रकाश पाडणारी टीका आणि दुसरीकडे चऱ्हाट! पुस्तकांच्या नावांकडेच पाहावे. एरंडाच्या गुऱ्हाळातून रस निघत नाही. चऱ्हाट वळीत बसणे म्हणजे लांबण लावणे. ‘वायफळाचा मळा’ या नावाचा अर्थ तर सांगावयासच नको. ग्रंथ वाचकापुढे ठेवतानाच ‘यात काही अर्थ नाही हं’ असे बजावण्याची ही पद्धत विद्वान माणसाची आहे. ज्याला खऱ्या पांडित्याचे वजन ठाऊक असते तोच पांडित्याचा खोटा आव इतक्या सहजतेने उतरवून ठेवू शकतो.

चि. विं.च्या पाली व्यासंगाचा आणि विनोदाचा काही संबंध आहे काय? समीक्षकांनी या प्रश्नाकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले दिसत नाही. विनोदकार चि. वि. आणि पालीपंडित चि. वि. अशी दोन माणसे कल्पून दोघांची स्वतंत्र कपाटे केली गेली. वास्तविक जातककथेचा निवेदक आणि चिमणरावाचा निवेदक यांच्यात एक सख्य आहे. जातकात माकड, कोल्हा, कावळा, पोपट माणसांसारखे लोभी, मत्सरी, भोळे वागतात आणि कथा सांगणारा आवाज न चढवता, कोणावर न रागावता ते सांगत राहतो. चिमणरावाच्या घरी नजर टाकावी. नवरा चिमण, बायको काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू! चिमणी, कावळा, मोर, साळुंकी, पोपट असे सारे पक्षिकुल एका बिऱ्हाडात जमले आहे. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने घास गिळता गिळता ऐकलेली. त्या गोष्टीत पावसाने घर वाहून गेलेल्या काऊला चिऊ दार उघडत नाही. चि. विं.नी दोघांचे लग्न लावून दिले, एकाच घरात कोंडले आणि मग काय होते ते पाहत बसले. हे जाणूनबुजून घडले की सहज, हे सांगता येणार नाही. परंतु तीस-चाळीस वर्षे जातकांच्या सहवासात राहिलेल्या लेखकाच्या हातून ते अगदीच अभावितपणे घडले असे मानणेही कठीण आहे.

मराठी विनोदाची परंपरा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सांगण्याची रीत आहे व ती योग्य आहे. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ मधून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट आणून रूढींची जी टिंगल केली, तिने मराठी वाचकाला लेखी विनोदाची गोडी लावली. गडकरी त्यांचे शिष्य. गुरुशिष्य दोघेही कल्पनेच्या कसरतीत आणि शब्दांच्या आतषबाजीत रमणारे. त्यांचे पात्र बोलू लागले की बोलणारा कोल्हटकर किंवा गडकरी आहे हे लपत नाही. चि. विं.नी ही आतषबाजी जवळजवळ सोडून दिली. त्यांच्या विनोदातील वाक्य उचलून सभेत फेकता येत नाही. कारण हसू वाक्यात नसते, ते माणसात आणि त्याच्यावर आलेल्या प्रसंगात असते. चिमणराव स्वतः आपली कथा सांगतो, आपण कसे शहाणपणाने वागलो हे पटवून देतो, आणि त्याचे समर्थन जसजसे बळकट होत जाते तसतशी त्याची फजिती वाचकाला स्पष्ट दिसू लागते. सांगणाऱ्याला जे दिसत नाही ते ऐकणाऱ्याला दिसावे, ही युक्ती वरवर सोपी वाटते. पण ती निभावून नेण्यासाठी लेखकाला स्वतःची हुशारी पानोपानी गिळावी लागते. कोल्हटकर-गडकऱ्यांना ते जमले नसते, आणि अत्र्यांचा तर तो पिंडच नव्हता.

विषय तरी कोणते? नोकरी, लग्न जमविणे, पाहुणे, दुखणी, प्रवास, सभा-संमेलने, शरीर कमावण्याची हौस, देशसेवेची लाट. १९२०-३० च्या सुमारास पांढरपेशा पुणेकराच्या उंबऱ्यावर जी जी नवी कल्पना येऊन उभी राहिली, तिला गुंड्याभाऊने सोटा हातात घेऊन सन्मानाने आत आणले आणि चिमणरावाला तिचा खर्च सोसावा लागला. गुंड्याभाऊ दांडगे हा चिमणराव जोगांच्या नात्यातला. त्याचा उत्साह हाच या कथांचा इंधनपुरवठा. त्याला कशाचीही शंका येत नाही आणि चिमणरावाला सगळ्याच गोष्टींची भीती वाटते. अशा दोघांना एका दोरीने बांधले की चऱ्हाट आपोआप वळले जाते.

या जोडीला पडद्याने फार लवकर हेरले. मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ हे दोन चित्रपट चि. विं.च्या कथांवर काढले. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी त्यांत उभी केली. पहिल्या चित्रपटाचे नाव ‘घर पाहावे बांधून’ या जोडम्हणीतून आलेले आहे. पुस्तकाला दहा वर्षे होण्याच्या आतच त्याची दोन बोलपट-रूपे तयार झाली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर विजया धुमाळे यांच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. मुंबई-पुण्यातील एका पिढीच्या मनात या दोन नटांचे चेहरे त्या पात्रांवर असे काही चिकटले आहेत की, पुस्तक उघडले तरी चेहरा प्रभावळकरांचाच दिसतो.

येथे हैदराबादची गोष्ट निराळी पडते. मुंबई दूरदर्शनच्या प्रक्षेपणाची कक्षा या शहरापर्यंत पोचत नव्हती. ज्या वर्षी मुंबईचा मराठी माणूस चिमणरावाला पाहत होता, त्या वर्षी हैदराबादचा मराठी माणूस त्याला वाचत होता. वाचत नसेल तर त्याला तो भेटतच नव्हता. मधला मार्ग नव्हता. म्हणून या शहरात चिमणरावाचा पत्ता एकच, ग्रंथालयाचे कपाट. त्याचा चेहरा कसा हे ठरविण्याचे काम प्रत्येक वाचकावर पडले, आणि घराघरात तो निरनिराळा ठरला असणार. दूरदर्शनने पोचविलेल्या कीर्तीचा यात तोटा झाला, पण वाचकाचा झाला असे म्हणवत नाही.

या शहरातील मराठी वाचनाला जी पार्श्वभूमी आहे ती ध्यानात घेतल्याशिवाय चिमणरावाचे येथील वास्तव्य समजणार नाही. निजामी राजवटीत दरबार उर्दूचा, १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे, आणि सभा भरवावयाची तर आधी परवानगी काढावयाची. अशा काळात वाचनालय ही निव्वळ पुस्तके ठेवण्याची जागा राहत नाही. चार माणसे कोणत्याही संशयाविना एकत्र बसू शकतात ती ती जागा असते. तेलुगू बांधवांनी १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम उभारले, त्यामागेही हीच निकड होती. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेस भरले आणि ज्ञानकोशकार केतकर त्याचे अध्यक्ष झाले. केतकर स्वतः कादंबरीकारही होते, आणि समाजाकडे तिरक्या नजरेने पाहण्याची त्यांचीही एक पद्धत होती. पण त्यांच्या कादंबऱ्या वाचून कोणी खदखदून हसल्याचे ऐकिवात नाही. त्यानंतर दोन वर्षांत चिमणराव आला.

आणि तो आला तेव्हा हैदराबादच्या वाचकाला एक अडचण पडली असली पाहिजे, जी पुण्याच्या वाचकाला कधीच पडली नाही. चिमणरावाचा पगार, त्याचे घरभाडे, त्याने गुंड्याभाऊच्या नादी लागून घालविलेले पैसे हे सारे कलदार रुपयांत. हैदराबादेत चालत होता हाली सिक्का, आणि सहा कलदार रुपयांना सात हाली हा भाव. म्हणजे चिमणरावाची नुकसानी या शहरात पोचेपर्यंत एक-षष्ठांशाने वाढत असे! हा हिशेब सोडला तर बाकीचे सारे मात्र येथे अपरिचित नव्हते. चिमणराव कारकून; कारकून हा शब्द फारसी. त्याची रजा, अर्ज, हजेरी, दप्तर, बडतर्फी हे सारे शब्द फारसी-अरबी. स्वतः चि. वि. बडोद्याला ज्या खात्यावर होते ते दप्तरखानेच. सदाशिव पेठेतील शुद्ध मराठी बोलणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याची भाषा अशी होती की, पत्थरगट्टीतला अहलकार ती विनासायास समजला असता. भाषाशुद्धीचे अभिमानी यावर नाराज होतील. पण कचेरीच्या भीतीला शुद्ध मराठीत प्रतिशब्द अजून तयार झालेला नाही.

याहून खोल असे एक साम्य बडोदे आणि हैदराबाद यांच्यात आहे. दोन्ही संस्थाने, दोन्हीकडे मराठी माणूस प्रतिष्ठित, पण भोवतालची बहुजनभाषा दुसरी. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरातेत गेले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि या शहरातील मराठी माणूस प्रथम आंध्र प्रदेशाचा व २०१४ पासून तेलंगणाचा रहिवासी झाला. पुण्याविषयीची सर्वांत जिवंत विनोदी पुस्तके पुण्याबाहेर बसलेल्या माणसाने लिहिली यात योगायोग कमी आहे. रोज ज्या गल्लीतून जावे लागते तिची चेष्टा करता येते, पण तिचे चित्र काढावयास थोडे अंतर लागते. वुडहाउसनेही आपला इंग्लंड आयुष्याचा मोठा काळ इंग्लंडबाहेर राहूनच रंगविला. दूर राहणाऱ्याला आपल्या माणसांच्या लकबी अधिक स्पष्ट ऐकू येतात, हे हैदराबादच्या मराठी घरांना निराळे सांगावयास नको. पुण्याहून आलेला पाहुणा दोन दिवस राहून गेला की नंतर आठवडाभर त्याच्या बोलण्याच्या नकला होतात.

बडोद्याचा आणखी एक धागा या समारंभाशी जुळतो. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण करून संस्थानात मोफत वाचनालयांचे जाळे विणले; पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तके हा त्या योजनेचा भाग होता. चि. वि. ज्या संस्थानात जगले तेथे वाचक ही सरकारने जोपासलेली वस्तू होती. हैदराबादेतील मराठी वाचकाला मात्र वर्गणीच्या चार-आठ आण्यांवर स्वतःची सोय स्वतःच करावी लागली. चिमणराव दोन्हीकडे सारखाच वाचला गेला.

चि. विं.ची सगळीच स्तुती करून थांबणे त्यांच्यावरच अन्याय करणारे ठरेल. त्यांचे जग अरुंद आहे. त्यात पुण्याच्या काही पेठांतील ब्राह्मण घरे आहेत, आणि त्या घरांबाहेरची माणसे येतात ती बहुधा दारातून आत येऊन लगेच परत जाण्यापुरती. काऊ ही विलक्षण सजीव बाई आहे. पण ती जे बोलते ते नवऱ्याच्या तोंडून आपल्यापर्यंत येते, आणि तो नवरा स्वतःच्या सोयीने सांगणारा आहे हे आपणांस माहीत असले तरी काऊची कैफियत वेगळी लिहिली गेली नाही ती नाहीच. नांदेड-परभणीकडून हैदराबादेस शिकावयास आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने हे पुस्तक उघडले तर त्याला त्यात आपले कोणी सापडत नाही. ‘हे हसू कोणाचे?’ असा प्रश्न त्याच्या मनात आला तर तो अरसिक ठरत नाही. त्याचे हसू पुढे शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावच्या चावडीवर शोधून काढले. याच मिरासदारांना १९९८ साली मराठवाड्यातील परळी वैजनाथ येथे संमेलनाच्या अध्यक्षपदी बसविण्यात आले, तेव्हा एक जुनी बाकी थोडी फिटली असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि चि. विं.च्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी आपल्या जगाबाहेरच्या माणसांना हसून आपल्या लोकांचे मनोरंजन केले नाही. ते हसले ते स्वतःच्या पेठेला, स्वतःच्या जातीच्या भित्रेपणाला, पुस्तकी देशभक्तीला आणि पोकळ सुधारणेला. ज्या वर्गाने त्या काळात महाराष्ट्राच्या वतीने बोलण्याचा मक्ता घेतला होता, त्या वर्गाच्या प्रतिनिधीला छाती नाही, ताकद नाही, केवळ स्पष्टीकरणे आहेत, हे त्यांनी त्याच्याच तोंडून वदवून घेतले. हा उपरोध आवाज न करणारा आहे म्हणून तो सौम्य आहे असे समजण्याचे कारण नाही.

ऑर्वेलने १९४५ साली वुडहाउसचा कैवार घेताना एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते की, वुडहाउसची माणसे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळातच थिजलेली आहेत. वुडहाउस टिकला तो त्यामुळेच. जे जग खरे कधी नव्हतेच ते जुने होणार कसे? चिमणरावाचे जग खरे होते, आणि म्हणून ते जुने झाले. दत्तकविधान, सोवळेओवळे, आणे-पै, एका कमावत्यावर अवलंबून असलेले दहा जणांचे कुटुंब यांतील पुष्कळ गोष्टी आजच्या विद्यार्थ्याला टिपा देऊन समजवाव्या लागतात, आणि टीप वाचून आलेले हसू हे उशिरा पोचलेल्या तारेसारखे असते. मग उरले काय? उरली ती बढाई आणि भीती यांची एकाच पोटात चाललेली झुंज. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ मधील भाडेकरूंना चिमणरावाच्या नात्यातले मानावेच लागते. आणि ज्या प्रभावळकरांनी चिमणराव रंगविला त्यांनीच पुढे ‘अनुदिनी’ लिहून टिपरे कुटुंब उभे केले. २००१ पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही त्यावरची मालिका उपग्रहवाहिनीवर आली तेव्हा ती हैदराबादच्या घरांतही दिसली. चिमणराव पाहण्याची जी संधी या शहराला मिळाली नव्हती, ती अशा रीतीने त्याच्या वंशजांकरवी वीस-बावीस वर्षांनी भरून निघाली.

या शहरात हसण्याची उणीव कधीच नव्हती. ‘जिंदादिलान-ए-हैदराबाद’ ही मंडळी १९६० च्या दशकापासून विनोदाच्या मैफली भरवीत आली. ‘शगूफा’ हे निव्वळ विनोदाला वाहिलेले उर्दू मासिक १९६८ पासून याच शहरातून निघू लागले. गुलबर्ग्याकडून येऊन येथे घडलेल्या मुज्तबा हुसेन यांना २००७ साली पद्मश्री मिळाली. पण उर्दू विनोद मुशायऱ्यात आणि मैफलीत फुलतो, त्याला समोर दाद देणारी माणसे लागतात. चि. विं.चा विनोद एकट्याने वाचण्याचा. त्यातला वाचक हसतो ते तोंडावर पुस्तक धरून. हैदराबादच्या मराठी माणसाला दोन्ही प्रकारांची सवय आहे आणि त्याने दोहोंची एकमेकांशी कधी गाठ घालून दिली नाही, हे थोडे आश्चर्याचेच. चिमणरावाला दखनीत बोलावयास लावले तर तो कसा बोलेल, हा प्रयोग करून पाहण्यास हैदराबादइतकी योग्य जागा दुसरी नाही.

चिंता आहे ती वेगळ्याच ठिकाणी. घरात मराठी बोलणारी, शाळेत तेलुगू व हिंदी शिकणारी आणि इंग्रजीत वाचणारी मुले या शहरात पुष्कळ आहेत. त्यांना मराठी कळते; मराठीतला विनोद ऐकला तर ती हसतात; परंतु सलग दहा पाने मराठी वाचण्याचा त्यांना सराव नाही. गंभीर ग्रंथाचा सारांश सांगता येतो, कवितेचे गाणे करता येते. चि. विं.च्या कथेचा सारांश सांगू गेले तर हाती काहीच लागत नाही, कारण तिचे सारे मर्म सांगण्याच्या संथपणात आहे. अशा मुलांपुढे ही कथा कोणीतरी वाचूनच दाखविली पाहिजे. वॉच्या नायकाला शिक्षा म्हणून जे करावे लागले ते येथे आजी-आजोबांनी खुशीने करावे. वाचताना चिमणरावाचा आवाज बारीक आणि गुंड्याभाऊचा जाड काढला की निम्मे काम होते. उरलेले निम्मे लेखकाने करूनच ठेवलेले आहे.

पुस्तके मिळत नाहीत ही सबब आता पूर्वीसारखी चालणार नाही. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे उलटली की त्याचे लेखन सर्वांना मोकळे होते. ऑर्वेल भारतात २०११ पासून मोकळा आहे; वॉसाठी २०२७ उजाडावे लागेल, वुडहाउससाठी २०३६. चि. वि. जोशी १ जानेवारी २०२४ पासून मोकळे झाले. त्यांच्या निवडक कथांची टिपांसह आवृत्ती कोणत्याही संस्थेला, अगदी या ग्रंथालयालाही, काढता येईल. पुण्यात निघालेल्या आवृत्तीत नसेल अशी एक टीप हैदराबादच्या आवृत्तीत पहिल्याच पानावर घालावी लागेल: या पुस्तकातील सर्व रक्कम कलदार समजावी, हालीत हवी असल्यास दर सहा रुपयांस एक रुपया वाढवून घ्यावा.